अर्ध्या डोळ्यांच्या माशा

माझी मावशी काय करते असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "माशा मारते." ऐकणारा हसायचा. आई हसायची नाही, कारण तिने विनोद केलेलाच नसायचा. जी बाई आयुष्यभर एका बिनखिडकीच्या खोलीत चिलटं सांभाळत बसते आणि वर त्याचा पगार घेते, तिच्याबद्दल याहून जास्त काय सांगायचं, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

मावशीचं काम याच्या बरोबर उलटं होतं. ती माशा जगवायची. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं आपण हाताने उडवून लावतो. मावशीच्या विभागात त्यांना फळमाशी म्हणत आणि त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करत. विद्यापीठाच्या त्या इमारतीत मागच्या जिन्याजवळ तिची खोली होती. भिंतभर फळ्या, फळ्यांवर तबकं, तबकांत काचेच्या नळ्या. प्रत्येक नळीच्या तळाशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून थिजवलेला लगदा, तोंडाला कापसाचा बोळा आणि मधल्या जागेत माशा. एका नळीतल्या माशांचे पंख वर वळलेले, दुसरीतल्यांचे डोळे पांढरे, तिसरीतल्यांच्या अंगावर केसच नाहीत. अशा एकेका व्यंगाच्या एकेका घराण्याला तिथे वाण म्हणत. खोलीत कायम एकसारखी ऊब आणि आंबूस वास असायचा, आणि तो वास मावशीबरोबर आमच्या घरी यायचा.

घरात आम्ही तिघी. आई, मावशी आणि मी. आई नाकावर माशी बसू न देणारी. मावशीच्या नाकावर खरोखरच माशी बसलेली असायची आणि ती खालचा ओठ पुढे काढून हलकेच फुंकर मारायची. तिच्या स्वेटरच्या बाहीतून एखाददुसरं चिलट आमच्या फळांच्या टोपलीत उतरायचं. मग आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मावशी ऐकून घ्यायची, माशी नळीत पकडायची आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन जायची. आई म्हणायची, "माहेरपणाला आली होती का गं ती?"

मावशी मुळात माशा सांभाळायला तिथे गेली नव्हती. ती तिथे पीएचडी करत होती. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली माशा चाळताना तिला एक विचित्र माशी दिसली. तिचा डोळा मागून अर्धा नीट झालेला, आणि पुढचा अर्धा नाहीच. जिथे डोळा असायला हवा तिथे नुसतं कातडं. तिच्यापासून मावशीने वाण तयार केलं आणि त्याला नाव दिलं 'अर्धी'. कागदोपत्री त्याला एक क्रमांक होता, पण विभागात सगळे अर्धीच म्हणायचे. तिच्या सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला होता. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्या चहाची चवही मी सांगू शकेन.

मग माझे वडील गेले. मी पाळण्यात होते. आई मला घेऊन मावशीकडे आली, ती कायमचीच. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांत तिघींचं भागेना, तेव्हा सरांनी माशांच्या खोलीची रिकामी जागा मावशीला दिली. वर्षभर कर, म्हणाले, मग प्रबंध पुरा कर. मावशीचा प्रबंध तेव्हा अर्ध्यावर होता आणि शेवटपर्यंत अर्ध्यावरच राहिला.

सर भले माणूस होते. भल्या माणसावर रागावता येत नाही, ही त्याची मोठीच सोय असते. मावशी दर वर्षी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सर, यंदा नाही जमलं." सर म्हणायचे, "काही हरकत नाही. घाई कसली? सवडीने कर. तब्येत सांभाळ." तिच्या मागून आलेले पुढे गेले, डॉक्टर झाले, कुणी परदेशी गेले. सगळे तिला मावशी म्हणायचे आणि जाताना वाकून नमस्कार करायचे. माझी मावशी साऱ्या विभागाची मावशी झाली, याचा मला लहानपणी फार राग यायचा.

शाळा सुटली की मी त्या खोलीत जाऊन बसायचे. अर्धीचा डोळा अर्धा का, हे मी तिला तिथेच विचारलं होतं.

मावशी नळ्यांत लगदा ओतत होती. म्हणाली, "माशी अळी असते ना, तेव्हा तिच्या आत एक पापुद्रा असतो. मोहरीहून लहान. त्यातनं पुढे डोळा व्हायचा असतो. पण त्यातल्या एकाही पेशीला माहीत नसतं आपण काय होणार ते."

"मग?"

"मग सांगावं लागतं. मागच्या कडेच्या पेशी आधी ठरतात. त्यातली एक शेजारणीला म्हणते, मी हे झाले, तू ते हो. दुसरीला म्हणते, मी हे झाले, तू होऊ नकोस."

"होऊ नकोस असं पण सांगतात?"

"सांगावंच लागतं. सगळ्याच एकसारख्या झाल्या तर डोळा कुठला व्हायला, नुसता गोळा होईल. आणि त्याच वेळी पुढच्या रांगेला निरोप जातो, तयार व्हा, तुमची पाळी आली. मग ती रांग ठरते, ती तिच्या पुढच्यांना सांगते. असं मागून पुढे सरकत सरकत डोळा होतो."

"आणि अर्धीत?"

"अर्धीत निरोप बारीक निघतो. निम्म्या वाटेत विरतो. पुढच्या पेशी तयारीत असतात, पण त्यांना कुणी सांगतच नाही. वेळ निघून जाते. मग काही मरतात, काहींचं साधं कातडं होतं."

मला ते भयंकर वाटलं होतं. कुणी सांगितलं नाही एवढ्यासाठी मरायचं. मावशीने मला समजावलं की हेच निरोप माणसाच्या शरीरातही फिरतात, कमी पडले तर व्यंग येतं आणि थांबले नाहीत तर गाठी होतात, म्हणून तर लोक माशीचा डोळा बघतात. मला माणसांचं काही पडलेलं नव्हतं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि आईने मावशीला बोल लावले.

मी पुढे शिकण्यात फारशी चमकले नाही. मी गाडी चालवायला शिकवते. छपरावर शिकाऊ अशी पाटी लावलेल्या गाडीत दिवसभर परक्या माणसांच्या शेजारी बसते आणि त्यांच्यावर ओरडते. ओरडल्याशिवाय माणूस ब्रेकवर पाय ठेवत नाही, हा माझा अनुभव. मावशी एकदा मागच्या सीटवर बसून माझा तास बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, "किती लागेल असं बोलतेस गं त्यांना."

तिला कुणाला लागलेलं बघवत नसे. माशांनासुद्धा. लगदा सुकायच्या आत माशा जुन्या नळीतून नव्या नळीत हलवाव्या लागतात, नाहीतर वाण संपतं. याला तिथे पलटी म्हणतात. रीत अशी की दोन नळ्यांची तोंडं जुळवायची, उलट्या करायच्या आणि खाली ठेवलेल्या रबरी गादीवर ठोकायच्या. सगळ्या माशा धडाधड नव्या नळीत पडतात. मावशीला ठोकणं आवडायचं नाही. ती नवी नळी जुन्या नळीच्या वर उपडी धरायची आणि थांबायची. माशीला वर चढायची ओढ असते. ज्या चढल्या त्या चढल्या. ज्या धडपडत राहिल्या त्यांना ती जुन्याच नळीत ठेवायची, बोळा लावायची आणि खालच्या फळीवर त्यांना त्यांच्या मरणाने मरू द्यायची. "त्या बिचाऱ्यांना आपटून काय मिळणार?" असं ती म्हणायची. हाताने चाललेलं काम, वर्षानुवर्षांचं. कोण बघायला येतंय.

मध्यंतरी ती घरी येऊन खुशीत सांगायची, "अर्ध्या हल्ली बऱ्या चालल्यात. पूर्वीसारख्या अडखळत नाहीत." आई म्हणायची, "माणसांचं पण विचारत जा कधी."

सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. नव्या विभागप्रमुख बाईंना खोली संगणकांसाठी हवी होती. मावशीच्या निवृत्तीबरोबरच खोली बंद करायची असं ठरलं. माशांचं एक मोठं भांडार दुसऱ्या शहरात आहे, ते वाणं घ्यायला तयार झालं, पण अट अशी की ज्या वाणात व्यंग स्पष्ट दिसतं तेवढीच घेऊ. बाकीची टाकून द्या.

मावशीला याचं दुःख होतं, पण काळजी नव्हती. "अर्धी तर जाणारच," ती म्हणाली. "ती दुसरीकडे कुठेच नाही." सरांनी पूर्वी एक-दोन ठिकाणी दिली होती, तिथल्यांनी ती कधीच घालवली होती. मावशीचं नाव कुठल्या पुस्तकावर नव्हतं, दारावर नव्हतं, तिला मूलबाळ नव्हतं. अर्धी त्या भांडारात राहिली की आपलं काहीतरी राहिलं, इतकंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने मला अगदी लाजत सांगितलं होतं.

वाणं तपासायचं काम एका संशोधक मुलीकडे आलं. तिची पीएचडी संपत आली होती, म्हणून मावशी तिला आधीपासूनच डॉक्टरीण म्हणायची. निरोप निम्म्या वाटेत नेमका कुठे विरतो हेच ती शोधत होती. जुन्या नोंदींवरून सगळी तयारी झाली होती, आता शेवटच्या प्रयोगाला फक्त अर्धी हवी होती. त्या दुपारी मी मावशीला न्यायला गेले तेव्हा डॉक्टरीण सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती. माशांना वायूने गुंगी आणून पांढऱ्या गादीवर पसरलं होतं आणि ती बारीक कुंचल्याने एकेक माशी परतवत होती.

"मावशी, ही नळी अर्धीचीच ना?"

"हो गं. पाटी बघ की."

"पाटी बघितली." तिने दुसरी नळी ओतली, मग तिसरी. "सगळ्यांचे डोळे चांगले आहेत."

"चांगल्या डोळ्यांच्या असणारच निम्म्या. मिश्र वाण आहे ते." हे खरं होतं. अर्ध्या डोळ्यांच्या माद्या फार कमी अंडी घालत, म्हणून त्या नळीत त्यांच्या चांगल्या डोळ्यांच्या बहिणीही ठेवाव्या लागत. त्यांच्या पोटात दोष लपलेला असे आणि पुढच्या पिढीत पुन्हा काही अर्ध्या जन्माला येत.

"निम्म्या नाही, मावशी. सगळ्याच. अर्ध्या कुठे आहेत?"

"असतील की. तळाशी असतात त्या. पटकन चढत नाहीत," मावशी म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिचा हात खालच्या फळीकडे गेला होता. तिथे जुन्या नळ्या होत्या, वाळलेल्या लगद्याच्या.

डॉक्टरीण हुशार मुलगी होती. तिने हळूच विचारलं, "मावशी, पलटी कशी करता तुम्ही?"

मावशीने करून दाखवली. नवी नळी वर धरली आणि थांबली. माशा भराभर वर चढल्या. खाली एकही राहिली नाही. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळलं की कुठे माशी शिंकली ते. जिला नीट दिसत नाही ती चढत नाही. जी चढत नाही तिला मावशी दयेने मागे ठेवते. दर पलटीला फक्त धडधाकट तेवढ्या पुढे जातात, आणि मागे राहिलेल्यांची पोरंबाळं जुन्या नळीबरोबर कचऱ्यात जातात. अर्ध्या बऱ्या झाल्याच नव्हत्या. त्या संपत आल्या होत्या. जे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं ते मावशीला कळलं नाही असं नाही. तिने ते त्या दृष्टीने कधी पाहिलंच नव्हतं.

एक आशा होती. एखाददुसऱ्या चांगल्या डोळ्यांच्या माशीत दोष अजून लपलेला असेल. त्यासाठी उरलेल्या माशांच्या जोड्या सुट्या करायच्या, प्रत्येक जोडीची मुलं आपापसांत लावायची आणि नातवंडांचे डोळे बघायचे. लपलेलं असेल तर नातवंडांत वर येतं. मावशीने सगळ्या जोड्या स्वतः लावल्या. ती आता सुट्टीच्या दिवशीही जायची, मी शिकाऊ पाटीच्या गाडीतून सोडायचे. ती नळ्या उलट्या करून ठोकायची. ठोकताना दर वेळी तिचे डोळे मिटायचे.

घरी ती बोलेनाशी झाली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. आई काही दिवस गप्प बसली, जे तिच्या स्वभावात नाही. मग रोज दार उघडताच विचारू लागली, "आल्या का गं अर्ध्या?" जन्मात पहिल्यांदाच ती माशांची चौकशी करत होती. मावशी मान हलवायची. एकदा मी आईला देवापुढे काहीतरी पुटपुटताना पाहिलं. आंधळ्या माशा जन्माला येवोत म्हणून आमच्या घरात प्रार्थना चालली होती.

नातवंडं कोषांतून बाहेर पडली त्या दिवशी मी तिच्याबरोबर वरती गेले. खोली निम्मी रिकामी झाली होती. इतर वाणं खोक्यांत भरून गेली होती आणि भिंतीवर फळ्यांच्या खुणा उरल्या होत्या. डॉक्टरीण एकेक नळी ओतत होती, कुंचल्याने चाळत होती आणि बाजूला करत होती. मावशी तिच्या मागे उभी होती. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. प्रत्येक नळीला डॉक्टरीण नुसती मान हलवायची. शेवटी शेवटी तिने मान हलवणंही सोडलं.

शेवटची नळी झाल्यावर ती सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करून वळली. तिचा चेहरा उतरला होता. ज्याच्यावर तिचं सगळं काम उभं होतं ते वाण जगात कुठेच उरलं नव्हतं. तरी ती मावशीचा हात धरून म्हणाली, "जाऊ दे, मावशी. काही हरकत नाही. मी दुसरं काहीतरी बघेन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मावशीने हात सोडवून घेतला.

"हरकत नाही कशी?" ती म्हणाली. "सर पण हेच म्हणायचे."

"मावशी, खरंच..."

"दर वर्षी म्हणायचे. काही हरकत नाही, सवडीने कर. एकदासुद्धा रागावले नाहीत गं ते. मला वाटायचं, किती चांगला माणूस. दोन शब्द लागतील असे बोलले असते तर..." तिने फळीला धरलं. "मीही माझ्या अर्ध्यांना तेच केलं. आपटल्या असत्या तर लागलं असतं त्यांना. पण पुढे गेल्या असत्या."

मी म्हणाले, "मावशी, चल घरी."

"थांब." ती माझ्याकडे वळली. "तू लोकांवर ओरडतेस ना?"

"ओरडते."

"मग काय होतं?"

"रडतात काही काही. पण शिकतात."

तिने मान डोलावली, आणि मग ती त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिली. पूर्वी सरांपुढे उभी राहत असेल तशीच, हात समोर गुंतवून. म्हणाली, "हरकत आहे म्हण."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? मी नजर वळवली नाही.

"म्हण ना गं."

त्या मुलीने मावशीकडे पाहिलं. मग ती बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर तिचा आवाज चढत गेला. "हरकत आहे, मावशी. खूप हरकत आहे. माझी सगळी वर्षं गेली यात. मी तुमच्या भरवशावर होते. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हे कळायला हवं होतं. वाण तुमच्या हातात होतं आणि तुम्ही ते घालवलंत."

"हां," मावशी म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. पदर तोंडाला न लावता, मोठ्याने. माझे वडील गेले तेव्हा घरात आई रडत होती आणि मावशी स्वयंपाक करत होती, असं आईने मला सांगितलं आहे. मी तिला कधीच रडताना पाहिलं नव्हतं. ती किती वेळ रडत होती कोण जाणे. डॉक्टरीणही रडत होती, पण ती तिच्या जागीच उभी राहिली. आम्हा दोघींपैकी एकीनेही मावशीला उगी म्हटलं नाही.